समुपदेशनाच्या तासाला माइनक्राफ्ट? (अनुभव हवेत)

शेवंती | मंगळवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मुलगा १४ वर्षांचा, नववीत. जूनपासून शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी झाली, सगळं नॉर्मल. बालरोगतज्ज्ञांनी समुपदेशकांकडे पाठवलं. पहिले दोन तास हा गडी फरशीकडे बघत बसला. 'हो', 'नाही', 'माहीत नाही' यापुढे गाडी सरकेना. तिसऱ्या वेळी त्या ताईंनी लॅपटॉप उघडला आणि म्हणाल्या, "माइनक्राफ्ट येतं ना तुला? मला शिकव." पाऊण तास दोघं तेच करत बसले. मी बाहेर बाकावर होते. दारातून त्याचा आवाज येत होता. मोठ्याने, भराभर, मधेच "अहो तिकडे नका जाऊ, मराल!" असा. हा आवाज मी चार महिन्यांनी ऐकला.

घरी आल्यावर सासऱ्यांनी विचारलं, आज काय झालं. त्याने प्रामाणिकपणे सांगून टाकलं. अप्पा म्हणाले, "पाऊण तासाचे बाराशे मोजून गेम खेळायला पाठवता? ते तर तो फुकट खेळत होता, तेव्हा तूच फोन काढून घेतलास." आणि हे खरंच आहे. गेल्या दिवाळीनंतर मीच फोन कपाटात कुलूप लावून ठेवला होता. नवरा तोंडाने काही बोलत नाही, पण झुकलाय वडिलांकडेच.

तर, हा उपचार आहे की वेळकाढूपणा? 'गेम वाईट' यावर निबंध नको, तो घरी रोज ऐकते.

खडूसकाका | मंगळवार, रात्री ११:०५

अप्पांना माझा नमस्कार सांगा. उद्या दारू सोडवायला बारमध्ये नेतील. बाकी चालू द्या.

चौकोनी_गाय | मंगळवार, रात्री ११:३१

काका, माइनक्राफ्ट एकदा तरी बघितलाय का? ठोकळे फोडायचे, ठोकळे रचायचे. रात्र व्हायच्या आत डोक्यावर छप्पर हवं, नाहीतर भुतं येतात. गोळीबार नाही, लेव्हल नाही, जिंकणं-हरणं नाही. शेवंतीताई, तुमच्या समुपदेशकांनी नेम बरोबर धरलाय असं मला वाटतं. शाळेत, क्लासला, घरी, सगळीकडे ह्याला कोणीतरी शिकवतंय. तिथे तो शिकवतोय.

मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी हॉस्टेलवर छातीत धडधडायचं, हातपाय गार पडायचे. हे काय आहे ते मला कुठल्या लेक्चरमध्ये कळलं नाही, 'सेलेस्ट' नावाच्या गेममध्ये कळलं. २०१८ चा गेम, एक मुलगी डोंगर चढते, एवढीच गोष्ट. मधेच ती रोपवेत अडकते आणि तिला पॅनिक अटॅक येतो. तेव्हा पडद्यावर एक पीस दिसतं, आणि आपल्या श्वासाच्या लयीत ते तरंगत ठेवायचं असतं. मी ते खेळलो आणि डोक्यात पहिला विचार आला, अरे, याला नाव आहे! मग कॉलेजच्या समुपदेशकांकडे गेलो. गेमने बरा झालो असं म्हणणार नाही. गेमने दारापर्यंत नेऊन सोडलं.

लांबपांढराढग | बुधवार, सकाळी ६:१२

शेवंती, मी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला एका माध्यमिक शाळेत ग्रंथपाल आहे. तुमच्या ताईंनी जे लॅपटॉपवर केलं ते इथे अख्ख्या देशाने सरकारी खर्चाने करून पाहिलंय, त्यामुळे जरा लांबण लावते.

गेमचं नाव स्पार्क्स. किशोरवयातल्या सौम्य-मध्यम नैराश्यासाठी ऑकलंड विद्यापीठातल्या बालमानसोपचारतज्ज्ञ सॅली मेरी आणि सहकाऱ्यांनी तो रचला. गेम म्हणून तो उभा केला मारू निहोनिहो या माओरी बाईंच्या कंपनीने, त्यामुळे त्यातली नक्षी, माणसं, डोंगर इथल्या मातीतले वाटतात. मुलाने एक पात्र निवडायचं आणि सात प्रांत पार करायचे: गुहा, बर्फ, ज्वालामुखी, डोंगर, दलदल, पूल, घळ. प्रत्येक प्रांतात एकेक कौशल्य. बर्फात हातपाय हलवायला शिकायचं, कारण नैराश्यात माणूस गोठतो. ज्वालामुखीत राग आणि तीव्र भावना हाताळायच्या. डोंगरावर अडचण पायरी पायरीने सोडवायची. दलदलीत आपल्याच डोक्यातले उदास विचार ओळखायचे. या विचारांच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की 'नॅट' होतं, म्हणजे चिलट! ती चिलटं खरोखर उडत अंगावर येतात आणि त्यांना पाडायचं. सुरुवातीला आणि शेवटी एक वाटाड्या थेट मुलाशी बोलतो, की हे तुझ्या रोजच्या आयुष्यात कुठे वापरशील.

आकडे असे. २०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चाचणी छापून आली. १२ ते १९ वयाची १८७ मुलं. निम्म्यांना स्पार्क्स, निम्म्यांना नेहमीचे उपचार, म्हणजे बहुतेक समोरासमोरचं समुपदेशन. स्पार्क्स पूर्ण करणारी मुलं निदान तेवढीच सुधारली. नैराश्यातून पूर्ण बाहेर आलेल्यांचं प्रमाण तर गेमच्या गटात ४३.७ टक्के होतं आणि दुसऱ्या गटात २६.४.

हे वाचून इथे सगळे हरखले. एप्रिल २०१४ मध्ये गेम देशभर मोफत खुला केला. आणि मग जे झालं ते कोणी पोस्टरवर छापत नाही. चाचणीत ६० टक्के मुलांनी सातही प्रांत संपवले होते. खुल्यावर सोडल्यावर बहुतेक जण एकदोन प्रांतांतच गळायला लागले. आमच्या ग्रंथालयाच्या भिंतीवर त्याचं पोस्टर आहे. एका मुलीला मी विचारलं, खेळलीस का? म्हणाली, "गेमचा गणवेश घातलेला गृहपाठ आहे तो."

गेम तोच. फरक मला एवढाच दिसतो, की चाचणीतल्या मुलाला कोणीतरी मोठ्या माणसाने त्या गेमपाशी आणून बसवलं होतं. नंतरच्या मुलाला पोस्टरने.

खडूसकाका | बुधवार, सकाळी ९:२०

चिलटं मारायला सरकारी अनुदान. देश छोटा असण्याचे फायदे.

(प्रतिसाद पूर्ण वाचला. चांगला आहे. कबूल.)

गवतीचहा | बुधवार, दुपारी २:४८

मी मानसोपचारतज्ज्ञ. इथे निदान करत नाही, कोणी मागूही नये. दोनतीन गोष्टी फक्त.

एक. खडूसकाकांचं बारचं उदाहरण ऐकायला खमंग आहे, पण मुलांच्या उपचारात खेळ आजचा नाही. मेलानी क्लाइन या मनोविश्लेषक बाई १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये मुलांपुढे छोटी लाकडी खेळणी मांडून बसायच्या. मोठा माणूस बोलून सांगतो, मूल खेळून सांगतं. वाळू, बाहुल्या, रंग यांच्या रांगेत आता लॅपटॉप आलाय. चौदा वर्षांच्या मुलापुढे बाहुल्या ठेवल्या तर तो उठून जाईल.

दोन. 'उपचाराचा गेम' म्हणून जे विकलं जातं त्याकडे जरा तिरक्या नजरेने बघा. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी, म्हणजे एफडीएने, एन्डेव्हर-आरएक्स या गेमला परवानगी दिली. ८ ते १२ वयाच्या, एकाग्रता न टिकणाऱ्या एडीएचडीच्या मुलांसाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारा गेम. जगभर मथळे झाले. ३४८ मुलांच्या चाचणीत संगणकावरच्या एकाग्रतेच्या परीक्षेत गुण सुधारले, हे खरं. पण आईवडिलांना घरात दिसणारा फरक विचारला, तेव्हा हा गेम खेळलेली मुलं आणि साधा शब्दांचा गेम खेळलेली मुलं यांत फार काही वेगळं निघालं नाही. दोन्हीकडे थोडी सुधारणा. नेदरलँड्समध्ये माइंडलाइट नावाचा एक सुंदर गेम आहे. मुलाच्या डोक्याला पट्टा लावतात, तो मेंदूचे संकेत टिपतो. मूल शांत झालं की अंधाऱ्या वाड्यातला दिवा उजळतो. कल्पना ऐकून मीच प्रेमात पडलो होतो. तुलनेला बाजारातला एक साधा गेम घेतला, तर मुलांची चिंता त्यानेही तितकीच उतरली.

तेव्हा गेम कुठला यावर फार डोकं खपवू नका. शेवंती, समुपदेशकांना हे विचारा: आपण कशासाठी हे करतोय, किती भेटींनी आढावा घ्यायचा, आणि शाळेत परत जाण्याची पायरी कधी येणार. चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नांचा राग येत नाही. आत काय बोलणं झालं ते मात्र विचारू नका, मुलालाही नाही. आणि शाळेत नेमकं काय झालं, कोणी त्रास देतंय का, हा धागा सोडू नका. पोट उगाच दुखत नाही.

शेवंती | बुधवार, रात्री १०:१५

डॉक्टर, मनापासून आभार. 'आत काय बोललात' हे मी प्रत्येक वेळी रिक्षातच विचारते. आता तोंड बंद.

एक शंका. तो सुट्टीत चारचार तास खेळायचा. ते व्यसन होतं का? मी फोन काढून घेतला ते चुकलं का?

सरासरी_माणूस | बुधवार, रात्री ११:५०

चार तासांवर मी आकड्यांतलं बोलतो, बाकीचं डॉक्टर बोलतील.

'गेम खेळणारी मुलं उदास असतात' असे अभ्यास रद्दीच्या भावाने मिळतात. पण उदास मुलं जास्त खेळतात की जास्त खेळणारी उदास होतात, हे त्यातून कळत नाही. यावर जपानमधला एक अभ्यास मला फार आवडतो. कोविडच्या काळात तिथे निन्टेन्डो स्विच आणि प्लेस्टेशन ५ यांचा एवढा तुटवडा झाला की दुकानांनी चक्क सोडत काढली. म्हाडाच्या घरांसारखी! म्हणजे कोणाला यंत्र मिळालं आणि कोणाला नाही, हे नशिबाने ठरलं. संशोधकांना घरबसल्या प्रयोग मिळाला. १० ते ६९ वयाच्या ९७,६०२ लोकांची पाहणी. ज्यांचा नंबर लागला त्यांची मनःस्थिती थोडी बरी निघाली. दिवसाला तीन तासांच्या पुढे मात्र जास्तीच्या खेळण्याचा फायदा घटत गेला. २०२४ मध्ये छापून आला.

ऑक्सफर्डवाल्यांनी २०२२ मध्ये कंपन्यांकडून खऱ्या खेळण्याच्या वेळेच्या नोंदी मिळवल्या, ३८,९३५ खेळाडूंच्या. किती तास खेळलं याचा मनःस्थितीवर परिणाम जवळजवळ शून्य. आपल्या मनाने खेळतोय की राहवत नाही म्हणून, याचा मात्र संबंध दिसला. तास मोजणं सोपं म्हणून आपण तास मोजतो. हरवलेली किल्ली पडली तिथे नाही, उजेड आहे म्हणून दिव्याखाली शोधण्यातला प्रकार आहे.

गवतीचहा | गुरुवार, सकाळी ८:०५

सरासरींना दुजोरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, १ जानेवारी २०२२ पासून लागू. त्यात तासांचा आकडाच नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, अशी लक्षणं आहेत. सुट्टीतले चार तास म्हणजे हे नव्हे. ज्यांच्या घरी खरंच हे आहे त्यांच्यासाठी बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून शट क्लिनिक चालतं.

फोन काढून घेतल्याबद्दल स्वतःला चाबूक मारून घेऊ नका. फक्त त्या फोनसोबत त्याचे मित्रही कपाटात गेले होते का, एवढं आठवून बघा.

कट्ट्यावरचा_बंड्या | गुरुवार, सकाळी १०:४४

सगळे गेमचं गुणगान गाताय म्हणून लिहितो. माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा. रमीच्या अ‍ॅपवर एक लाख ऐंशी हजार घालवले. मित्रांकडून उसने. आईची पाटली गेली. घरी कळलं तेव्हा तो तीन रात्री झोपलेला नव्हता. तो पण 'गेमच' खेळत होता.

चौकोनी_गाय | गुरुवार, सकाळी ११:१०

बंड्यादादा, ते वाचून वाईट वाटलं. पण तो गेम नाही, जुगार आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला तोही हाच फरक धरून. पैसे लावायचे खेळ बंद, ई-स्पोर्ट्स आणि बिनपैशांचे खेळ वेगळे.

गवतीचहा | गुरुवार, दुपारी १:३०

बंड्या, भाऊ आता कसा आहे? झोप नाही, कर्ज आहे, त्यात लाज. अशा मुलाला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक, सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. त्याने नाही केला तर तुम्ही करा, घरच्यांनी केला तरी चालतो.

कट्ट्यावरचा_बंड्या | गुरुवार, दुपारी २:०२

आता बरा आहे. दुकानात माझ्यासोबत बसतो. नंबर लिहून घेतला.

मांडवीकाठ | गुरुवार, रात्री ९:३७

धागा न्यूझीलंड-जपान फिरून आला, आता जरा पणजीत उतरूया. 'संगत' ही संस्था गोव्यातली, १९९६ पासूनची, मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. त्यांचं काम मूळ एका साध्या अडचणीतून निघालं: मानसोपचारतज्ज्ञ मूठभर, गरजू लाखो. तर मग साध्या माणसांना शिकवून तयार करावं.

त्यांच्या शाळांमधल्या प्रकल्पात एक गेम आहे, 'पॉड अ‍ॅडव्हेंचर्स'. पॉड म्हणजे तीन पायऱ्यांची इंग्रजी आद्याक्षरं: अडचण काय, पर्याय कोणते, आता करून बघ. गोव्यातल्या आणि दिल्लीतल्या मुलांशी बोलून तो बेतला. आधी गोष्टीतल्या मुलामुलींच्या भानगडी सोडवायच्या, म्हणजे अभ्यासाचं ओझं, मैत्रीतली भांडणं, घरातली कटकट. मग स्वतःची अडचण मांडून त्याच तीन पायऱ्या. साध्या अँड्रॉइड फोनवर, इंटरनेट नसलं तरी चालेल असा. पण फोन हातात देऊन 'जा खेळ' नाही. सत्र शाळेत, आणि तिथे समुपदेशक हजर. हा समुपदेशक डॉक्टर नसतो, शिकवून तयार केलेला साधा पदवीधर.

तो माणूस कशाला लागतो, याचं उत्तर त्यांच्याच दुसऱ्या एका चाचणीत आहे. गेमची नव्हे, कॉमिक्सच्या पुस्तिकांची. दिल्लीतल्या ६ सरकारी शाळा, अडीचशेच्या आसपास मुलं. सगळ्यांना त्याच पुस्तिका. निम्म्यांना सोबत समुपदेशक, निम्म्यांना नुसत्या पुस्तिका. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी समुपदेशकवाल्या गटात जास्त हलक्या झाल्या. लक्षणांच्या मोजपट्टीवर मात्र सहा आठवड्यांत तसा ठळक फरक दिसला नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

शेवंती, अप्पांना सांगा, बाराशे रुपये माइनक्राफ्टचे नाहीत. शेजारच्या खुर्चीचे आहेत.

लांबपांढराढग | शुक्रवार, पहाटे ५:५०

मांडवीकाठ, मी पोस्टरवर जे अडखळत लिहिलं ते तुम्ही खुर्चीत बसवलंत.

हातोडी | शुक्रवार, सकाळी ११:२५

टेट्रिस राहिलं, तो वरून पडणारे ठोकळे जुळवायचा जुना गेम! २०१७ चा ऑक्सफर्डचा प्रयोग. रस्ता अपघातानंतर तातडीच्या विभागात आलेले ७१ रुग्ण. सहा तासांच्या आत, अपघात क्षणभर आठवायला सांगून, काहींच्या हातात टेट्रिस दिलं. पुढच्या आठवड्यात डोळ्यांसमोर अचानक येणारी अपघाताची दृश्यं त्यांच्यात ६२ टक्के कमी. डोळ्यांना आकार जुळवायचं काम दिलं की दृश्य पक्कं बसायला जागा उरत नाही, अशी कल्पना. मोठ्या माणसांवरचा छोटा प्रयोग आहे, घरी करून बघायचा नाही, पण विषय निघाला म्हणून.

खडूसकाका | शुक्रवार, दुपारी ४:४०

अवांतर. मला त्या चिलटांनी झोपू दिलं नाही. हा प्रकार आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं विवेकनिष्ठ मानसशास्त्र मराठीत आणलं तेव्हापासून आहे. विचार ओळखा, तपासा, बदला. आम्ही ते पुस्तकातून वाचलं, माना डोलावल्या आणि विसरलो. चिलट म्हटल्यावर दिसतं तरी. तुमचा गेम मराठीत यायचा तेव्हा येवो, चिलटांची नावं तरी मराठीत ठेवू. सुरुवात मी करतो. 'आता सगळंच संपलं' म्हणणारं चिलट: बुडालोबुवा.

चौकोनी_गाय | शुक्रवार, दुपारी ४:५८

काका!!! हसून हसून पुरेवाट. माझं घ्या. 'त्याने मेसेज बघून उत्तर दिलं नाही म्हणजे त्याला मी आवडत नाही': मनकवडं.

सरासरी_माणूस | शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

'९८ मिळाले, पण दोन गेले ना': दोन-कुठे-गेले. हे चिलट नाही, आमचे तीर्थरूप आहेत.

मांडवीकाठ | शुक्रवार, रात्री ८:१२

'एकदा चुकलं म्हणजे नेहमीच चुकणार': जल्माचं.

गवतीचहा | शुक्रवार, रात्री ९:०३

'माझ्यामुळेच झालं सगळं': माझ्यामुळंच. हे आयांना जास्त चावतं. कोणाला उद्देशून ते सांगायला नको.

शेवंती | रविवार, रात्री ९:५५

चावलं हो डॉक्टर, ओळखलं.

थोडी खबर. ताईंना तुमचे तिन्ही प्रश्न विचारले. राग आला नाही. म्हणाल्या, अजून तीन भेटी, मग आढावा. पहिली पायरी म्हणून मंगळवारी फक्त शाळेच्या ग्रंथालयात एक तास, वर्गात नाही. शाळेला पत्र त्या देतील. फोनमधून दोन मित्र कपाटात गेले होते, हेही कळलं. एकाला काल घरी बोलावलं. दोघं एका लॅपटॉपवर खांद्याला खांदा लावून बसले होते, मी पोहे देऊन निघून आले. अप्पांनी दारातून दोनदा डोकावलं. तिसऱ्यांदा खुर्ची घेऊन आत गेले. "ह्या डुकराला मारायचं का पाळायचं?" असं विचारताना ऐकलं. बाराशे रुपयांचा विषय आज निघाला नाही. उद्याचं माहीत नाही.

हे टाइप करताना तो मागून वाचत होता. चिलटांची यादी वर जाऊन पूर्ण वाचली. 'जल्माचं' ला हसला. म्हणाला, एक राहिलंय. वर्गात शिरलं की वाटतं ना, सगळे माझ्याकडेच बघतायत, त्याला सीसीटीव्ही म्हणा.